आजीचा निराधारचा पगार बंद झाला आणि वर वसुलीचं पत्र आलं. पैसे भरावे लागतील का?

आधी तुमच्या प्रश्नाचं. लगेच एक रुपयाही भरू नका. पत्र घेऊन तहसीलच्या संजय गांधी निराधार योजनेच्या (संगायो) शाखेत जा आणि आजींच्या सहीने किंवा अंगठ्याने अर्ज द्या. अर्जात कुणी तक्रार केली असेल तर तिची प्रत, तलाठ्याचा चौकशी अहवाल, ज्या बैठकीत नाव कमी केलं त्या समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि वसुलीचा मूळ आदेश, एवढं मागा. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. "साहेब मीटिंगला गेलेत" म्हणाले तर टपालाच्या टेबलावर द्या, तिथे शिक्का मारावाच लागतो. कागद दिले नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये लागतात, आजी दारिद्र्यरेषेखाली असतील तर तेही नाहीत. बाजू मांडायची संधी न देता कुणावर असा बोजा टाकता येत नाही, हे आपल्याकडच्या न्यायालयांनी कितीदा तरी सांगितलेलं आहे. पत्राआधी आजींना कुणी बोलावलं होतं का, नोटीस दिली होती का, हे त्यांना नीट विचारा.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. "सरकारचा पैसा आहे, तपासणी करतायत त्यात चूक काय, असं घरातलेच म्हणतात," असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य मी आमच्या घरात ऐकलेलं आहे, आणि ज्यांनी ते म्हटलं त्यांना तेव्हा पुरतं उत्तर द्यायचं राहिलं.

माझी आत्या तरुणपणी विधवा झाली आणि एक मूल घेऊन माहेरी आली. गावात आमच्या वाड्याच्या मागे पत्र्याची खोली होती, तिथे राहिली. संजय गांधी निराधार योजनेतून तिला महिना 600 रुपये मिळायचे. गावात त्याला सगळे पगारच म्हणतात. बाकी खुरपणी, कापूस वेचणी, दोन-तीन शेळ्या. या पैशावर कुणी आळशी होतं म्हणणाऱ्याने एकदा 600 रुपयांत महिना काढून दाखवावा.

2018 सालची गोष्ट. पैसे यायचे थांबले. बँकेत विचारलं तर "वरूनच आले नाहीत". तहसीलला गेली तर "यादीत नाव नाही". मग कोतवालाने एक पत्र आणून दिलं. मुलगा नोकरीस असताना अपात्र असून लाभ घेतला, सबब 36 महिन्यांची रक्कम 21,600 रुपये शासनजमा करावी, अन्यथा पुढील कारवाई. आत्याला वाचता येत नाही. तिने ते पत्र किराणा दुकानदाराकडून वाचून घेतलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. "पुढील कारवाई" म्हणजे पोलीस, असं तिने धरलं. आम्हाला फोन करायच्या आधी तिने दोन शेळ्या विकल्या आणि 3,000 रुपये चलनाने भरून टाकले. मी शहरात नोकरीला, मला कळलं ते त्यानंतर. "माय, मी काय चोरी केली का," एवढंच ती फोनवर परत परत म्हणत होती.

आता नियम बघा. त्या वेळी अट अशी होती की मुलगा 25 वर्षांचा होईपर्यंत किंवा नोकरीला लागेपर्यंत विधवेला लाभ मिळेल, यातलं जे आधी होईल ते. पोरगा तेव्हा तेवीस वर्षांचा. एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली सात महिने हेल्पर होता, मग ठेकेदाराने ब्रेक दिला. पगाराची स्लिप नाही, पीएफचा पत्ता नाही. ही नोकरी कशी झाली? आणि झाली असं घटकाभर मानलं तरी वसुली सात महिन्यांची व्हायला हवी. ती 36 महिन्यांची काढली होती, ज्यातली पहिली दोन वर्षं तो आयटीआयच्या वसतिगृहात फिटरचा ट्रेड शिकत होता.

मी माहितीच्या अधिकारात चौकशी अहवाल मागवला. तारखा टळल्यावर अपील केलं, तेव्हा आला. अहवालात लिहिलं होतं, "समक्ष गृहभेट देऊन चौकशी केली असता लाभार्थी सुस्थितीत असल्याचे दिसून आले." गृहभेटीची जी तारीख दिली होती त्या दिवशी आत्या शेजारच्या गावात कापूस वेचायला होती, शेतमालकाच्या वहीत तिच्या नावापुढे किलो लिहिलेले होते. पुढच्या पानावर आणखी नावं होती आणि प्रत्येकापुढे तेच वाक्य, एकाच झेरॉक्सवर फक्त नाव बदललेलं. एका नावाची बाई तर दोन्ही डोळ्यांनी अधू आहे. तीही सुस्थितीत.

मी वहीच्या पानाचा फोटो, आयटीआयचा दाखला आणि अहवालाची प्रत जोडून अर्ज दिला. पुढे नायब तहसीलदार बदलले. नव्या बाईंनी अर्ज वाचला, खरंच वाचला, आणि पगार सुरू केला. मधल्या महिन्यांचे पैसे मिळाले नाहीत. वसुलीचा आदेश रद्द झाल्याचा कागद आजतागायत मिळालेला नाही, फक्त पुन्हा कुणी मागायला आलं नाही. भरलेले 3,000 परत मिळावेत म्हणून दिलेल्या अर्जाला उत्तर नाही. शेळ्या गेल्या त्या गेल्याच.

आता आमच्या काकांबद्दल. आत्याचे सख्खे थोरले भाऊ, पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त. हे सगळं चालू असताना दिवाळीत ते जेवणाच्या पंगतीत म्हणाले, "फुकटचा पैसा आहे, तपासणी तर होणारच. खाल्लं असेल तर भरायला काय होतं?" आत्या वाढत होती.

काकांच्या निवृत्तीच्या वेळी त्यांची वेतननिश्चिती चुकल्याचं निघालं होतं. कित्येक वर्षं जास्त पगार गेला होता आणि लेखा विभागाने वसुली काढली होती. ती झाली नाही, कारण 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाब सरकारच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की वर्ग 3 आणि वर्ग 4 च्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून, किंवा पाच वर्षांहून अधिक काळ जास्त रक्कम गेली असेल तर ती वसूल करू नये, कारण त्या माणसाला त्याचा जाच होतो. योग्यच निकाल आहे. काकांच्या संघटनेने तो दाखवला आणि फाईल बंद झाली. त्यांना जास्त गेलेली रक्कम लाखात होती. तिला कुणी फुकटचा पैसा म्हटलं नाही. हाच विचार महिना 600 रुपयांच्या बाईला लावायला कुणाची हरकत असावी? तिच्यामागे संघटना नाही, एवढाच फरक मला दिसतो.

तपासणी नको असं मी कुठेच म्हणत नाही. तपासणीचा सगळा भार कुणावर टाकलाय ते बघा. नियमाने प्रत्येक लाभार्थ्याने 1 जानेवारी ते 31 मार्चमध्ये स्वतः हजर राहून आपण जिवंत आहोत हे दाखवायचं. राहिलं तर 1 एप्रिलपासून बंद. चालता येत नाही, अंगठ्याच्या रेषा कामाने झिजून मशीनवर उमटत नाहीत, आधारवर जन्मसाल चुकलंय, ही सगळी त्या माणसाची डोकेदुखी. हरियाणात रोहतककडच्या 102 वर्षांच्या एका म्हाताऱ्याला कागदोपत्री मेलेला दाखवून पेन्शन बंद केली, तेव्हा 2022 साली त्याने नोटांचा हार घालून स्वतःची वरात काढली, मी जिवंत आहे हे सांगायला. कारकुनाने चुकीने मारलेल्या माणसाला परत जिवंत व्हायचा खर्च स्वतःच करावा लागतो.

उत्पन्नाची अट तर मला कधीच पटलेली नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं (दिव्यांगांना 50,000). रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात 2025-26 साठी 312 रुपये रोज ठरली. सरकारच्या कामावर, सरकारच्या दराने, वर्षात 68 दिवस गेलेली बाई सरकारच्याच हिशेबाने निराधार राहत नाही. म्हणजे ही मर्यादाच माणसाला खोटं लिहायला लावते. तलाठ्याला माहीत असतं, सेतूवाल्याला माहीत असतं, समितीच्या अध्यक्षाला माहीत असतं. त्यामुळे यादीतल्या जवळजवळ कुणाचंही नाव हवं तेव्हा कापता येतं, आणि समितीचा अध्यक्ष पालकमंत्र्यांनी नेमलेला राजकीय माणूस असतो. याची त्या बाईला मतदानाच्या वेळी आठवण करून द्यावी लागत नाही. ती विसरलेलीच नसते.

रक्कम वाढली, हे मान्य. 600 चे 2019 मध्ये 1,000 झाले, 2023 मध्ये 1,500. पण त्यात केंद्राचा वाटा वृद्धांसाठी 2007 पासून 200 रुपयेच आहे (ऐंशीच्या पुढे 500). काकांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. महागाई एकाच बाजारात होते.

लाडकी बहीणचंही तेच. 2024 मध्ये निवडणुकीच्या आधी अर्ज भराभर मंजूर झाले, 2025 च्या जूनपासून 26 लाखांवर बायकांचा लाभ थांबवला गेला, मग केवायसीला नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं. ज्या बाईला दोन्ही नाहीत तिने अंगणवाडी ताईकडे मृत्यूचा दाखला घेऊन जायचं. त्या यादीत 14,000 हून जास्त पुरुष सापडले, त्यांच्याकडून जरूर वसूल करा, दंडासकट. पण मंजुरीची सही ज्याने केली त्याचं काय झालं, हे कधी छापून आलेलं मी वाचलं नाही.

हा हक्क आहे का भीक? काका भीक म्हणतात. घटनेच्या 41 व्या कलमात म्हातारपण, आजारपण, अपंगत्व, बेकारी यांत सरकारी मदत मिळण्याची तरतूद राज्याने करावी असं लिहिलंय, पण ते मार्गदर्शक तत्त्व, त्याच्या जोरावर थेट कोर्टात दाद मागता येत नाही. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात केंद्राच्या वृद्धांच्या पेन्शनबद्दल आदेश दिला होता की ती दर महिन्याच्या 7 तारखेच्या आत मिळावी. 7 तारीख! आमच्या तालुक्यात तीन-तीन महिन्यांचे एकदम येतात. आपल्याकडे 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला, म्हणून मजूर तहसीलवर मोर्चा नेऊन "काम द्या" म्हणू शकले. राजस्थानने 2023 मध्ये पेन्शन कायद्यात आणली, दरवर्षी 15 टक्के वाढीसकट. महाराष्ट्रात निराधार योजना 1980 पासून आहे आणि अजून शासन निर्णयांवरच चालते. शासन निर्णय एका दुपारी बदलता येतो. कायदा असता तर आत्याला कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नसतं.

आणि ती निराधार झाली कशी, हेही एकदा लिहून ठेवते. आजोबा गेल्यावर तिच्याकडून हक्कसोड पत्रावर अंगठा घेतला. सातबारा दोघा भावांच्या नावे झाला, त्यात माझे वडीलही आले. "बहिणीने भावाकडून जमीन घ्यायची नसते," असं तिला तेव्हा काकांनीच सांगितलं होतं. पाच एकरांतला तिचा हिस्सा आज तिच्या नावावर असता तर 600 रुपयांसाठी कुणाच्या तपासणीला तोंड द्यायची वेळच आली नसती. तुमच्या घरातले जे कोणी "त्यात चूक काय" म्हणतायत, त्यांना आजींचा हिस्सा कुठे गेला तेवढं विचारा. कदाचित तुमच्याकडे वेगळं असेल.

आजी बाई असल्यामुळे त्यांना उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो, 1987 च्या विधी सेवा कायद्याने. तालुका कोर्टाच्या इमारतीतच विधी सेवा समिती असते. साधा अर्ज द्यायचा.

दोन गोष्टी मात्र आधी घरात तपासा. आजींच्या नावावर एकाच वेळी दोन योजनांचे पैसे येत होते का, आणि अर्जात मुलाबद्दल किंवा जमिनीबद्दल काही धडधडीत खोटं लिहिलं गेलंय का, भले ते एजंटाने लिहिलेलं असो. तसं असेल तर मी वर सांगितलं तेवढं सोपं जाणार नाही, वकिलाला पहिल्याच भेटीत खरं सांगा. आणि वसुलीचं भांडण चालू आहे म्हणून हयातीच्या दाखल्याचं राहू देऊ नका. मार्चअखेरच्या आत आजींना बँकेत नेऊन आणा, पैसे थेट खात्यात यायला (डीबीटी) आधार खात्याला जोडलंय का तेही त्याच खिडकीवर विचारून घ्या, नाहीतर नाव परत लागलं तरी पैसे या दुसऱ्या कारणाने अडकतील.