बाबांचं बीपी १६०/७० येतं आणि उठल्यावर चक्कर येते, वयामुळे हृदय थकलंय का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ७४ चे आहेत, वरचं १६० खालचं ७०, पलंगावरून उठले की डोळ्यापुढे अंधारी येते आणि घरातले म्हणतायत की आता हृदय थकलं, फिरणं बंद करा. मी फिजिशियनच्या ओपीडीत नर्स आहे, असे आजी-आजोबा रोज बघते, म्हणून पहिलं हेच सांगते की फिरणं बंद करू नका प्लीज.

वरचं जास्त आणि खालचं कमी असेल तर बहुतेक वेळा ती हृदयाची कमजोरी नसते, रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, तरुणपणी प्रत्येक ठोक्याला फुगते आणि मग आक्रसत रक्त पुढे ढकलते, त्यामुळे दोन ठोक्यांच्या मधेही प्रेशर टिकतं. वय वाढतं तसं तिच्या भिंतीतलं इलास्टिन (ताणलं जाणारं प्रथिन) तुटत जातं, कोलॅजन (कडक प्रथिन) वाढतं आणि ती कुकरच्या जुन्या रिंगसारखी कडक होते, मग ठोका पडला की प्रेशर एकदम वर जातं आणि लगेच खाली येतं. साठीच्या आसपास खालचं आपोआप उतरायला लागतं आणि लोक म्हणतात खालचं तर नॉर्मल आहे की. पण म्हातारपणी १६० चालतंच असं मुळीच नाही, स्ट्रोकचा धोका त्यानेच वाढतो.

हृदयातही बदल होतात, नाही असं नाही. भिंत थोडी जाड होते, सैल पडून रक्त भरून घ्यायला वेळ लागतो, पण बसल्या जागी पंपिंग बहुतेकांचं चांगलं असतं. फरक दिसतो जिने चढताना, कारण ठोके वाढायची कमाल मर्यादा विशीत मिनिटाला साधारण १९४ असते ती ७४ ला १५६ च्या आसपास येते.

आता चक्कर. आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं, मानेतल्या धमन्यांमधले सेन्सर ते ओळखून लगेच ठोके वाढवतात, वाहिन्या आवळतात. म्हातारपणी हेच हळू होतं, त्यात तहानही कमी लागते म्हणून पाणी कमी पोटात जातं. घरी असं करा, बाबांना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या, शेजारी कुणीतरी धरायला हवंच. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर कारण सापडलं समजा, तो कागद तसाच डॉक्टरांना दाखवा.

आमच्याकडे एक आजोबा आले होते, आडवे असताना वरचं १५८, उभं केल्यावर मिनिटभरात १२६, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ घट्ट धरलेली आणि ओठ पांढरे पडलेले. पिशवीतल्या गोळ्या टेबलावर काढल्या तर बीपीची गोळी, लघवी जास्त होण्याची गोळी आणि प्रोस्टेटची टॅमसुलोसिन, सगळं सकाळच्या चहाबरोबर एकदम. डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या आणि त्रास बराच कमी झाला. म्हणून बाबांच्या सगळ्या गोळ्या घेऊनच जा, डोळ्याच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा, पण चक्कर येते म्हणून बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, हे मी हात जोडून सांगते.

आणि फिरण्याबद्दल. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं होतं, तीस वर्षांनी त्याच पाच जणांची परत तपासणी केली तर वय वाढून त्यांची शारीरिक क्षमता जितकी कमी झाली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने झाली होती. बाबांना घरात बसवून ठेवलं तर नेमकं तेच होणार ना. उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसू दे, पोटऱ्या हलवू दे, जेवल्यावर लगेच चालायला नको कारण तेव्हाही बीपी उतरतं, बाकी रोज जमेल तितकं चालू दे.

फक्त चालताना शुद्ध हरपली, रात्री आडवं झाल्यावर दम लागून उठावं लागलं, किंवा नाडी एकदम वेडीवाकडी लागली तर ते वय म्हणून सोडून देऊ नका. वयस्कर माणसांना अ‍ॅटॅकमध्ये छातीत दुखतंच असंही नाही, नुसता दम आणि घाम येतो कधीकधी, तेव्हा तसं काही झालं तर लगेच हॉस्पिटल गाठून ईसीजी काढा, आणि डॉक्टर म्हणाले तर हृदयाचे व्हॉल्व्ह (झडपा) बघायला टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पण करून घ्या.