सोलापुरात व्याख्यानं देतो, वायरलेस माईकचा आवाज भर कार्यक्रमात तुटतो, कोणता घेऊ?

तुमचा माईक २.४ गिगाहर्ट्झवाला आहे का ते आधी बघा, स्वस्तातले बरेच तसलेच असतात. त्याच बँडवर वायफाय, ब्लूटूथ सगळं चालतं आणि वरून माणसाचं शरीर तो सिग्नल शोषतं, म्हणून हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्यांपुढं टेस्टिंग झकास होतं अन् पब्लिक बसलं की तुटायला लागतं. नेहमी बोलणार असाल तर यूएचएफ, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झपेक्षा कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारा सेटच घ्या. रिसीव्हर, म्हणजे माईकचा सिग्नल पकडणारा डबा, उंचावर ठेवा, स्टेजवरून त्याची अँटेना दिसली पाहिजे, अ‍ॅम्प्लिफायरमागं जमिनीवर अजिबात नको.

कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर लावा, पण तो बहुतेक चारी बाजूंचा आवाज घेतो, त्यामुळं स्पीकर जवळ असला की शिट्टी मारतो, म्हणून माझं मत हेडसेटला, तोंडाजवळ असल्यानं गेन, म्हणजे माईकचा आवाज वाढवणं, कमी लागतो आणि मान वळवली तरी आवाज तसाच राहतो. स्पीकर मात्र कायम तुमच्या पुढं पाहिजेत, पाठीमागं नाही, साउंडवाल्या दादांना आधीच सांगून ठेवा.

सेल दर कार्यक्रमाला नवे टाका, पैसे वाचवायची ही जागा नाही.