फाशांच्या टेबलावरून: शपथ कोणती घेऊ?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलवर आम्ही डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत पात्रांची गोष्ट रंगवायचा खेळ) खेळतो, २०१४ च्या नियमांनी. माझी पॅलाडिन, म्हणजे शपथेच्या बळावर लढणारी योद्धा, पुढच्या सेशनला तिसऱ्या लेव्हलला जाते, म्हणजे शपथ निवडावी लागणार. ती आधी शहराच्या पहाऱ्यावर होती, हप्ता घेत नव्हती म्हणून काढून टाकलं. मला डिव्होशन (सचोटीची शपथ) आवडते. पण आमचा चोर दिसेल त्याचा खिसा कापतो, वॉरलॉक, म्हणजे आमचा जादूगार, तोंड उघडलं की थाप मारतो, आणि सगळे म्हणतात, "व्हेंजन्स (सुडाची शपथ) घे, डॅमेज जास्त. डिव्होशन घेतलीस तर आम्हाला सुखानं चोरीसुद्धा करू देणार नाहीस." एन्शंट्स या तिसऱ्या शपथेचाही विचार चाललाय. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: डॅमेजचं आधी उरकून घेऊ, कारण मुलं त्यातच अडकतात. पॅलाडिनचा खरा मार येतो डिव्हाइन स्माइटमधून (वार लागला की त्यात दैवी शक्तीचा जादा मार), आणि ते तुला दुसऱ्या लेव्हललाच मिळालंय, शपथ कुठलीही असो. व्हेंजन्सच्या 'व्हाव ऑफ एन्मिटी'नं एका शत्रूवर मिनिटभर ॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. एरवी शंभरातले ६० वार लागत असतील तर ८४ लागतील, आणि क्रिटची, म्हणजे दुप्पट फाशांच्या वाराची, शक्यता ५ टक्क्यांवरून जवळपास १० वर जाते. डिव्होशनच्या 'सेक्रेड वेपन'मध्ये करिझ्मा (पात्राच्या व्यक्तिमत्त्वाचा आकडा) वाराच्या फाशात मिळवायचा. करिझ्मा +३ असेल तर ते ६० चे ७५ होतात, पण समोर येईल त्या प्रत्येकावर. एकच मोठा राक्षस असेल तर व्हेंजन्स सरस, यात वाद नाही. मात्र तो शत्रू पडला की व्हावही संपला. शिवाय व्हावला बोनस ॲक्शन (फेरीतली छोटी जादा कृती) पुरते, सेक्रेड वेपनला अख्खी ॲक्शन जाते. बस, फरक एवढाच. एवढ्यासाठी वर्षभराचं पात्र ठरवायचं?

आता तुझ्या मित्रांची भीती. आमच्या शनिवारच्या टेबलावर डिव्होशनची पॅलाडिन आहे, चोर आहे आणि थापाड्या वॉरलॉकही आहे. एकदा यांना वेशीतून आत जायचं होतं. वॉरलॉकनं रात्री बसून ड्यूकच्या नावानं परवानापत्र लिहिलं. शिक्क्याची अंगठी चोरानं आदल्याच दिवशी ड्यूकच्या बोटातून काढली होती. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारी. मी मुद्दाम पहाऱ्याच्या नायकाला वॉरलॉकला बाजूला सारायला लावलं आणि थेट पॅलाडिनला विचारलं, "बाई, तुम्ही सांगा. हा शिक्का ड्यूकचा आहे?" टेबलावर कोणी चिवड्यालाही हात लावेना. ती बराच वेळ कॅरेक्टर शीटकडे बघत बसली आणि म्हणाली, "शिक्का ड्यूकचाच आहे."

वेस उघडली. सगळे तिच्या पाठीवर थापा मारत होते आणि ती मात्र गप्प. कारण डिव्होशनच्या प्रामाणिकपणाच्या नियमात दोन गोष्टी आहेत: खोटं बोलू नये आणि फसवू नये. पहिली तिनं पाळली होती. मी एक शब्द बोलले नाही, तरी त्या रात्री तिची पॅलाडिन मुक्कामावर जेवली नाही, पहाटेपर्यंत तलवार समोर ठेवून प्रार्थनेला बसली. चोर आपला शेजारी घोरत होता. त्या दोघांच्यात पुढं जे संवाद झाले, तसे कुठल्याही लढाईत झाले नाहीत.

हे तिनं मनानं केलं, पण नियमपुस्तकातही हेच आहे. शपथ चुकली की समधर्मी क्लेरिककडून (पुजाऱ्याकडून) किंवा आपल्याच पंथातल्या पॅलाडिनकडून क्षमा मागावी, रात्रभर जागून प्रार्थना करावी, उपास करावा. हट्टानं मोडली आणि पश्चात्तापही नसेल, तरच डीएम क्लास (पात्राचा प्रकार) सोडायला लावू शकतो किंवा 'ओथब्रेकर' (शपथ मोडलेला पॅलाडिन) करू शकतो. एका थापेनं शक्ती जात नाहीत.

मग पॅलाडिन म्हणजे टेबलावरचा फौजदार, हा समज आला कुठून? जुन्या नियमांतून. १९७८ च्या पुस्तकात पॅलाडिन फक्त माणूसच, लॉफुल गुडच (कायदा पाळणारा आणि सज्जन), करिझ्मा कमीत कमी १७. जाणूनबुजून एक दुष्ट कृत्य केलं की पॅलाडिनपण कायमचं गेलं. असल्या नियमाखाली खेळणारा माणूस दुसऱ्याच्या खिशात डोकावणारच! २०१४ मध्ये मात्र शपथ तुझ्यापुरती आहे, ती पार्टीतल्या बाकीच्यांना बांधत नाही.

व्हेंजन्सबद्दल मला वेगळीच शंका आहे. ती घेणारे 'दुष्टांना दया नाही' एवढंच पाठ करतात आणि दिसेल त्या चोरट्याचं मुंडकं उडवतात. नियम नीट वाच: साध्या शत्रूला दया दाखवता येते, ज्याच्याविरुद्ध शपथ घेतली त्यालाच नाही. आणि शेवटचा नियम तर कोणी बघतच नाही: त्या शत्रूनं ज्यांचं वाटोळं केलं, त्यांना सावरायचं, कारण आपण त्याला वेळेत थांबवलं नाही. म्हणजे या शपथेला एक ठरलेला वैरी लागतो. तुझ्या पत्रात तो कुठंच नाही. डीएमला विचार, कॅम्पेनमध्ये (तुमच्या चालू गोष्टीत) असा कोणी येणार आहे का. नसेल तर ही शपथ चार सेशनमध्ये कोरडी पडेल.

एन्शंट्स तुमच्या ग्रुपला सगळ्यात सोपी जाईल. प्रकाश जपा, आनंद जपा, लोकांना उमेद द्या. खोटं बोलण्याबद्दल तिच्या नियमांत चकार शब्द नाही. सातव्या लेव्हलला तिचा ऑरा (भोवतीचं वलय) दहा फुटांतल्या सगळ्या साथीदारांना जादूच्या मंत्रांचं डॅमेज निम्मं करतो. तुमचा डीएम जादूगार फार आणत असेल तर सगळे तुला चिकटून चालतील.

पण मला विचारशील तर डिव्होशनच घे. हप्ता न घेतल्यानं नोकरी गेलेली बाई तू स्वतःच लिहिलीस. तिला चोरांच्या सोबतीला बसवलं की प्रत्येक सेशनला काहीतरी घडणार. फक्त खेळ सुरू व्हायच्या आधी, पात्राच्या नाही, स्वतःच्या तोंडानं त्या चोराच्या खेळाडूशी बोल. आमच्याकडे असं ठरलंय: सावकार, गोदामं, ड्यूक चालतील, भाजीवाली चालणार नाही. आणि चोरी करताना पॅलाडिनला पहाऱ्यावर उभं करायचं नाही.

प्रश्न: माझा पॅलाडिन नास्तिक चालेल का? डीएम म्हणतो, देव लिहिल्याशिवाय शीट घेणार नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: २०१४ चं पुस्तक म्हणतं की पॅलाडिनची शक्ती जितकी देवाकडून येते तितकीच न्यायावरच्या निष्ठेतून. तेव्हा नियमानं चालतं. पण डीएमच्या जगात देव रस्त्यावर चमत्कार करत फिरत असतील, तर 'देव नाहीतच' म्हणणारा पॅलाडिन वेडा ठरेल. 'आहेत, पण मी त्यांना मानत नाही' असं लिही. शीट घेतील.

प्रश्न: २०२४ च्या नियमांत शपथा बदलल्या का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: मूळ पुस्तकात आता चार आहेत, ग्लोरी आत आली. सेक्रेड वेपनला वेगळी ॲक्शन लागत नाही आणि ते दहा मिनिटं टिकतं. शत्रू पडला तर व्हाव दुसऱ्यावर वळवता येतो. स्माइट मात्र आता मंत्र झालाय आणि बोनस ॲक्शन खातो, म्हणजे एका फेरीत एकच. दोन वारांवर दोन स्माइट लावायची सवय असेल तर आधी हे वाचून घ्या, मग शीट बदला.