जिवाणू आधी ग्लुकोज आणि मग लॅक्टोज का वापरतो, आणि सोयाबीनच्या गाठींतही तसेच घडते का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. ग्लुकोज आणि लॅक्टोज या दोन्ही शर्करा उपलब्ध असताना ई. कोलाय हा जिवाणू आधी ग्लुकोजच का वापरतो, आणि मेंदू नसताना त्याला हे कळते कसे, ही पहिली. शेतातील सोयाबीनला युरिया दिला की मुळांवरच्या गाठी कमी होतात, तेव्हा गाठींतील जिवाणूही असाच हिशेब करतात का, ही दुसरी. मी लातूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि माझे माहेर परभणीकडचे, शेतकरी घरातले आहे. त्यामुळे हे दोन्ही प्रश्न मला जवळचे आहेत.

जिवाणू बाहेरच्या अन्नाचा अंदाज बहुतेक वेळा बाहेर पाहून घेतच नाही. अन्न आत येताना आणि वापरले जाताना पेशीतील प्रथिनांची जी अवस्था होते, तीच त्याच्यासाठी बातमी असते.

हे डोळ्यांनी पाहता येते. आम्ही तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घेतो. फ्लास्कमध्ये थोडे ग्लुकोज आणि त्याहून जास्त लॅक्टोज घालून ई. कोलाय वाढवायचा आणि दर पंधरा मिनिटांनी कलरीमीटरवर द्रावणाचा गढूळपणा मोजायचा. दिवसभर वीज राहीलच याची खात्री नसल्यामुळे सकाळी सातलाच सुरुवात करावी लागते. आलेखाची रेघ झपाट्याने वर चढते आणि एका ठिकाणी एकदम आडवी होते. दरवर्षी कोणीतरी विचारतेच, ‘मॅडम, मशीन बिघडले का?’ मशीन बिघडलेले नसते. अर्धापाऊण तास ती रेघ तशीच राहते आणि मग पुन्हा चढू लागते. औषधाच्या दुकानात लघवीतील साखर तपासण्याच्या पट्ट्या मिळतात, त्या आम्ही या द्रावणात बुडवून पाहतो. सुरुवातीला पट्टीवर रंग उमटतो, रेघ आडवी झाल्यावर उमटत नाही, कारण ग्लुकोज संपलेले असते. लॅक्टोजला ही पट्टी दाद देत नाही. वाढीचे असे दोन टप्पे जाक मोनो यांनी पॅरिसमध्ये अभ्यासले आणि 1941 च्या आपल्या प्रबंधात मांडले. पुढे फ्रांस्वा जाकोब यांच्यासह त्यांनी 1961 मध्ये त्यामागील जनुकीय नियंत्रणाचे प्रारूप दिले, आणि 1965 चे नोबेल पारितोषिक या दोघांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासमवेत मिळाले.

त्या आडव्या रेघेच्या काळात पेशीत काय चालते, ते समजून घेण्यासाठी आधी ग्लुकोज आत कसे येते ते पाहावे लागते. ग्लुकोज आत घेताना पेशी त्यावर फॉस्फेटचा एक गट चढवते, आणि हा गट प्रथिनांच्या एका रांगेतून, टँकरवरून घागरी हातोहात घरापर्यंत पोचवाव्यात तसा, पुढे सरकत येतो. ग्लुकोज येत असेल तर रांगेच्या शेवटाकडील प्रथिनाच्या हातातील ओझे लगेच उतरते आणि त्याचे हात रिकामे राहतात. ग्लुकोज नसेल तर ते ओझे घेऊन तसेच उभे राहते. सगळा निर्णय या एका फरकावर उभा आहे. रिकाम्या हातांचे हे प्रथिन लॅक्टोज आत आणणाऱ्या वाहक प्रथिनाला जाऊन चिकटते आणि ते दार अडवते. ओझे घेतलेले प्रथिन दार सोडून देते, शिवाय चक्रीय एएमपी नावाचा रेणू बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) चालना देते. हा रेणू एका नियामक प्रथिनाला जोडला जाऊन लॅक्टोजच्या जनुकांचे, म्हणजे लॅक्टोज वापरण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांचे, वाचन वाढवतो. पाठ्यपुस्तके सगळे श्रेय या चक्रीय एएमपीलाच देतात, ते मला पटत नाही. ग्लुकोज आणि लॅक्टोज या जोडीपुरते बोलायचे तर दार अडवणे हीच अधिक निर्णायक गोष्ट आहे.

दुसरे नियंत्रण खुद्द जनुकांवर असते. एका पेशीत जेमतेम दहाच्या आसपास असणारे दमनकारी प्रथिन लॅक्टोजच्या जनुकांच्या सुरुवातीला डीएनएवर ठाण मांडून बसलेले असते. लॅक्टोजपासून तयार होणारा अ‍ॅलोलॅक्टोज त्याला चिकटला की त्याचा आकार बदलतो, त्याची पकड सुटते आणि वाचन सुरू होते. यातली एक गोष्ट माझे विद्यार्थी हमखास विसरतात. लॅक्टोजचा अ‍ॅलोलॅक्टोज करणारे विकर हे त्याच जनुकांपासून बनते, म्हणजे कुलूप उघडायची किल्ली कुलपाच्या आत आहे. हे जमते, कारण दमनकारी प्रथिनाची पकड अधूनमधून क्षणभर सुटते आणि तेवढ्यात विकराचे व वाहक प्रथिनाचे मोजके रेणू तयार होऊन जातात. ग्लुकोज संपल्यावर या मोजक्या रेणूंच्या बळावर लॅक्टोज आत शिरतो, वाहक वाढतात, त्यामुळे आणखी लॅक्टोज येतो, आणि विकराचे प्रमाण साधारण हजारपट होते. आडव्या रेघेचा तो अर्धापाऊण तास या तयारीत जातो. त्या काळात दर दहा मिनिटांनी थोड्या पेशी काढून, टोल्यूइनचा थेंब टाकून त्यांचे आवरण सैल केले आणि ओएनपीजी हे द्रव्य (याच विकराने फोडले की पिवळा रंग देणारे) मिसळले, तर प्रत्येक नळीतील पिवळा रंग आधीच्या नळीपेक्षा गडद होत जातो. इतके स्पष्ट दिसणारे दुसरे प्रात्यक्षिक मला माहीत नाही.

अन्न बदलण्याऐवजी संपलेच तर काय होते, हे आपण विचारलेले नाही, पण त्याशिवाय उत्तर अपुरे राहील. अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा कच्चा माल, कमी पडले की तो वाहून आणणारे टीआरएनए रिकामेच रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या कारखान्यावर, येऊन बसतात. रायबोसोमजवळील रेलए हे विकर नेमके हेच ओळखते आणि पीपीजीपीपी नावाचा लहान रेणू बनवू लागते. मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट यांना 1969 मध्ये हा रेणू एका अनपेक्षित ठिपक्याच्या रूपात दिसला, म्हणून त्याला ‘मॅजिक स्पॉट’ म्हटले गेले. हा रेणू वाढला की नवे रायबोसोम बनवण्याचे काम थांबते आणि अमिनो आम्ले तयार करणाऱ्या जनुकांना वाव मिळतो. येथेही पेशीने बाहेर डोकावलेले नाही; कारखान्यात कच्चा माल न पोचल्याची खबर कारखान्यातूनच आली आहे.

आता सोयाबीन. येथे मात्र आपल्या प्रश्नातील गृहीतक थोडे दुरुस्त करावे लागेल. जमिनीत स्वतंत्र राहणारा जिवाणू अ‍ॅझोटोबॅक्टर आपण म्हणता तसाच वागतो. हवेतील नायट्रोजनचा एक रेणू अमोनियात बदलायला किमान 16 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) खर्ची पडतात, म्हणून भोवती अमोनियम आयते मिळत असेल तर तो नायट्रोजन स्थिर करणारी जनुके बंद ठेवतो. सोयाबीनच्या गाठींतील ब्रॅडीरायझोबियम या जिवाणूचे तसे नाही. तेथे जनुके चालू होण्याचा मुख्य इशारा ऑक्सिजनच्या कमतरतेचा असतो. तयार झालेला अमोनिया तो बहुतांशी रोपाच्या हवाली करतो, आणि त्या बदल्यात रोप त्याला कर्बयुक्त आम्ले पुरवते. युरियाचे जमिनीत आधी अमोनियम आणि मग नायट्रेट होते, आणि मुळांना नायट्रेट भरपूर मिळू लागले की नव्या गाठी धरू न देण्याचा आणि असलेल्यांचे काम मंदावण्याचा निर्णय प्रामुख्याने रोप घेते. स्पर्धा परीक्षांच्या उत्तरांतही मी हा निर्णय जिवाणूच्या नावावर लिहिलेला पाहिला आहे. तो चुकीचा आहे.

माझ्या धाकट्या भावाने एका वर्षी सोयाबीनला युरियाचा हात सैल सोडला होता. ऑगस्टमध्ये मी माहेरी गेले तेव्हा तो म्हणाला, ‘ताई, पीक तर हिरवंगार हाय, मग गाठी कामून न्हाईत?’ आम्ही त्याच्या शेतातील आणि युरिया न दिलेल्या शेजारच्या पट्टीतील प्रत्येकी पाच रोपे काढून बादलीत धुतली. त्याच्या रोपांवर मोजक्या, बारीक गाठी होत्या आणि कापल्यावर बऱ्याचशा आतून पांढरट निघाल्या. शेजारच्या गाठी ज्वारीच्या दाण्याहून मोठ्या होत्या आणि आतून लालसर गुलाबी होत्या. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. ते मोकळा ऑक्सिजन कमी ठेवते आणि तरीही जिवाणूच्या श्वसनाला लागेल तेवढा पोचवते.

आपल्या शेतात पाहायचे असेल तर पेरणीनंतर चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी पाहावे. रोप उपटू नये, आपल्या काळ्या जमिनीत गाठी तुटून मातीतच राहतात. खुरप्याने भोवतालची माती सैल करून ढेकळासह उचलावे, पाण्यात अर्धा तास ठेवावे आणि सोटमुळाजवळची सर्वांत मोठी गाठ ब्लेडने मधोमध कापावी. आतला भाग गुलाबी दिसला तर नायट्रोजन स्थिर करण्याचे काम चालू आहे. हिरवट किंवा तपकिरी दिसला तर ती गाठ थकली आहे.