रेशमाचे औषधी कण : वाचकांची प्रश्नोत्तरे

मोहोळ तालुक्यात माझी तुती आहे. कोषांपासून कॅन्सरचं औषध करतात म्हणे, खरं आहे का?

कोषापासून औषध नव्हे, औषध वाहून नेणारे कण करता येतात. रेशमाच्या तंतूत आत फायब्रोइन आणि त्यावर डिंकासारखं सेरिसिन अशी दोन प्रथिनं असतात. फायब्रोइन साधारण ७० ते ८० टक्के. कोष कापून आतलं किडूक काढून टाकायचं आणि तुकडे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात अर्धा तास उकळायचे. सेरिसिन सुटतं, हातात मऊ पुंजका उरतो. तो वाळवून लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात ६० अंश सेल्सिअसला विरघळवतात आणि डायलिसिस करून, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून, क्षार काढतात. हे द्रावण थेंबथेंब ॲसिटोनमध्ये सोडलं की ते बघताबघता दुधाळ होतं. तेच नॅनोकण, जवळपास १०० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). तुमच्या कोषांचा भाव मात्र आजही धाग्यावरच ठरतो, त्यामुळे या बातम्या ऐकून लागवड वाढवू नका.

मी बी.एस्सी.ला आहे. यासाठी रेशीमच का?

कारण ते किती दिवस टिकावं, हे बरंचसं आपल्याला ठरवता येतं. फायब्रोइनच्या साखळीत ग्लायसिन आणि ॲलॅनिन ही अमिनो आम्लं पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे तिच्या घड्या घट्ट बसतात. त्यांना बीटा-शीट म्हणतात. मिथेनॉल किंवा पाण्याची वाफ देऊन या घड्या वाढवल्या की शरीरातली एन्झाइम्स रेशीम सावकाश तोडतात. शेवटी उरतात अमिनो आम्लं आणि त्यांच्या छोट्या साखळ्या, म्हणजे पेप्टाइड, ते शरीर पचवतं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध या कणांना चिकटून राहतं आणि रक्ताच्या ७.४ सामूला (pH, आम्लता मोजायचं माप; आकडा कमी तितकं आम्ल जास्त) फारसं सुटत नाही. पेशीतल्या पचनाच्या पिशवीत, म्हणजे लायसोसोममध्ये, सामू ५ च्या आसपास असतो, तिथे ते जास्त वेगाने सुटतं. हे दिसलंय ते पेशी आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत. असं औषध रुग्णांसाठी अजून आलेलं नाही. घरात कुणाची केमो सुरू असेल, तर याची वाट बघत ती लांबवू नका.

आम्ही अशोक चौकात राहतो, विणकामाचं घर आहे. सासूबाईंना शुगर आहे. पायाच्या जखमेवर त्या रेशमाची राख लावतात. चालेल का?

अजिबात नाही, ताई. राखेत फायब्रोइन उरतच नाही, ते जळून गेलेलं असतं. धाग्याला रंग असेल तर त्यातली रसायनं जखमेत जातात. जखमेसाठी फायब्रोइनची जाळी वापरतात ती शुद्ध आणि निर्जंतुक केलेली असते. शुगरमुळे पाय बधिर झाला असेल तर दुखत नाही, म्हणून जखम बरी होतेय असं वाटतं. सासूबाईंना आजच डॉक्टरांकडे न्या. जखमेला वास येत असेल, भोवती काळं पडलं असेल किंवा ताप असेल, तर तासाभराचाही उशीर नको.

ऑपरेशनला रेशमी टाका घातलाय. तो आपोआप विरघळेल ना?

नाही. रेशमी टाका न विरघळणाऱ्यांत मोडतो. आतला टाका तसाच ठेवतात. कातडीवरचा दिलेल्या तारखेला जाऊन काढून घ्या.