तेलाची ओढ आणि बदली गट

प्रश्न असा आहे: ‘सब्स्टिट्युएंट बदलला की औषधाची लिपोफिलिसिटी बदलते’ हे मराठीत कसं लिहायचं? (सब्स्टिट्युएंट म्हणजे रेणूतल्या हायड्रोजनच्या जागी बसवलेला अणू किंवा अणूंचा गट; लिपोफिलिसिटी म्हणजे पदार्थाचा तेल-चरबीत विरघळण्याकडचा कल.) ‘मेदस्नेहिता’ चालेल का?

चालेल. पण मेद म्हटलं की आधी सुटलेलं पोट डोळ्यांपुढे येतं, आणि वसा म्हणजे चरबी म्हणून ‘वसाप्रिय’ करावं तर श्रावणातल्या कहाणीतला ‘घेतला वसा’ आठवतो. खरी गंमत ‘स्नेह’मध्ये आहे. स्नेह म्हणजे माया, आणि तेलतूपही. आयुर्वेदातलं स्नेहपान म्हणजे औषध म्हणून तूप-तेल पिणं. ग्रीकला ज्यासाठी ‘लिपोस’ (चरबी) आणि ‘फिलोस’ (प्रिय) असे दोन शब्द जोडावे लागले, ते इथे एकाच शब्दात आहे!

तरी ‘स्नेही’ एकतर असतो किंवा नसतो. हा गुण मात्र मोजायचा असतो. ऑक्टॅनॉल (पाण्यात न मिसळणारा तेलकट द्रव) आणि पाणी यांत पदार्थ घालून हलवायचं, थर वेगळे होऊ द्यायचे आणि तो कुठे किती गेला ते बघायचं. बेन्झीन पाण्यापेक्षा ऑक्टॅनॉलमध्ये सुमारे १३५ पट जास्त उतरतं. या १३५चा लॉग (लॉगॅरिदम) २.१३. बेन्झीनच्या कार्बन-कड्यावरचा एक हायड्रोजन काढून क्लोरीन बसवा, आकडा २.८४ होतो, म्हणजे ओढ पाचपट. हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसवा, म्हणजे फिनॉल करा, की १.४६ वर घसरतो. कुठल्या गटाने किती फरक पडतो याचे आकडे हान्श आणि फुजिता या रसायनशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये मांडले. म्हणून मी ‘तेलाची ओढ’ म्हणतो. माहेरच्या ओढीसारखी तीही कमीजास्त होते.

आता सब्स्टिट्युएंट. ‘प्रतिष्ठापित गट’ वाचला की मला गणपती बसवल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा ‘बदली गट’ घ्या. गिरणीत कायम कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राहायचा. इथे हायड्रोजनच्या जागी क्लोरीन.

मॉर्फिनचंच बघा. त्याच्या दोन हायड्रॉक्सिलमधल्या हायड्रोजनच्या जागी अ‍ॅसिटिल नावाचे गट बसवले की हेरॉइन होतं. तेलाची ओढ वाढते, आणि ते मेंदूत मॉर्फिनपेक्षा कितीतरी लवकर शिरतं.

तेव्हा तुमचं वाक्य: ‘बदली गट कुठला आहे, त्यावर औषधाला तेलाची ओढ किती ते ठरतं.’ परीक्षेत मात्र ‘मेदस्नेहिता’च लिहा, पेपर तपासणाऱ्याला माहेर आठवलं तर मार्क जायचे.