दोन्ही रिमोट एकदम मंदावले, तर सेलवर संशय नको

ताई, तुमचं म्हणणं मला असं समजलं: विश्रामबागेत घर, अलार्म सिस्टीमचे दोन रिमोट वापरात. दिवाळीआधी रंगकाम झालं, तेव्हापासून फाटकातून बटण दाबलं तर काही होत नाही, दारात उभं राहून दोन-तीनदा दाबावं लागतं. दोन्हींचे सेल बदलले तरी फरक नाही. शिवाय तिसरा रिमोट काम सोडून गेलेल्या ड्रायव्हरकडेच राहिला.

दोन रिमोटचे सेल ठरवून एकाच आठवड्यात संपत नाहीत. दोन्ही एकदम मंदावले म्हणजे दुखणं बहुधा पॅनलकडे, म्हणजे रिमोटच्या लहरी पकडणाऱ्या भिंतीवरच्या डब्याकडे आहे. त्यात रंगकाम झालंय म्हटल्यावर माझा संशय सरळ अँटेनावर.

साताऱ्यात शाहूपुरीत आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. पॅनलच्या डब्यातून एक बारीक वायर मोकळी लोंबत असते, तीच अँटेना. बघणाऱ्याला वाटतं, जोडायची राहिली. आमच्या रंगाऱ्याने ती गुंडाळून डब्यामागे खोचली, वर भिंतीसोबत डबाही रंगवून दिला. आपल्याकडचे बरेच रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात. त्या लहरीची लांबी साधारण ६९ सेंटीमीटर आणि वायर तिच्या पाव, म्हणजे सतरा सेंटीमीटरच्या आसपास असते. गुंडाळली किंवा कापली की पल्ला घटतो. मी ती सोडवून सरळ उभी केली आणि अंगणातून पहिल्याच दाबाला हूटरने 'टिक' दिली. इन्स्टॉलर मात्र आधी फोनवर नवे रिमोट घ्या म्हणाला होता.

काही पॅनलमध्ये अँटेना स्प्रिंगसारखी वेटोळीच येते, ती ओढून सरळ करू नका. बाहेर काहीच दिसत नसेल तर अँटेना डब्यात असेल. डबा स्वतः उघडू नका. आत २३० व्होल्ट असू शकतात आणि झाकण हललं की टॅम्पर स्विचमुळे हूटर बोंबलतो. वायरमन नको, सिस्टीम बसवणाराच बोलवा.

अँटेना ठीक निघाली तर रंगासाठी हलवलेलं सामान बघा. लोखंडी कपाट पॅनलसमोर आलं असेल तर तेवढंही पुरतं. आणि घरात नवी वायरलेस बेल लागली आहे का? तिचं बटण अडकून राहिलं तर ती सतत लहरी सोडत बसते आणि रिमोटचा आवाज त्यात बुडतो. बेलच्या बटणाचा सेल काढून पाच मिनिटं रिमोट वापरून बघा. आमच्या वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात चष्म्याच्या डबीखाली रिमोटचं बटण दाबलेलं राहायचं. त्यांचा सेल आठवड्यात बसायचा तो बसायचाच, पण तेवढा वेळ आईचा रिमोटही चालायचा नाही. हे कळायला आम्हाला तीन सेल लागले.

सेलबद्दल थोडं. रिमोटचा दिवा बघत जा. बटण दाबल्यावर दिवा मंद पेटला किंवा लुकलुकून विझला तर सेल. दिवा ठणठणीत आणि पॅनल गप्प, तर सेल नव्हे. सीआर२०३२ या चपट्या गोल सेलच्या जागी सीआर२०२५ घालू नका. व्होल्टेज तेच, पण तो पातळ असल्यामुळे सैल बसतो. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप देतात, त्यामुळे कधी कधी संपर्क नीट होत नाही. कोरड्या फडक्याने पुसून बसवा. आणि काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं.

एखादंच बटण दगा देत असेल तर आतल्या रबराखालचा काळा ठिपका आणि पट्टीवरचा संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने अलगद पुसायचा. रिमोट धुण्यात गेला तर आधी सेल काढा, मग सावलीत दोन दिवस उघडा ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरून काही होत नाही, तांदळाचा भुसा मात्र आत जातो.

आता ड्रायव्हरकडचा रिमोट. खरं तर हे काम अँटेनाच्याही आधी, आजच करा. तो माणूस कितीही चांगला असो, तुमच्या घराची चावी त्याच्याकडे आहे आणि साध्या, ठरावीक कोडच्या रिमोटची नक्कल स्वस्तातल्या कॉपी रिमोटवर होते. रोलिंग कोड, म्हणजे दर दाबाला बदलणारा कोड असेल तर नक्कल सहज होत नाही, पण मूळ रिमोट चालतोच. पॅनलच्या मेमरीतून तो काढून टाका. एकेक काढायची सोय नसेल तर सगळे पुसून हातातले दोन पुन्हा शिकवावे लागतात. रिमोट शिकवताना प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी एकच हरवला तर कुठला काढायचा ते कळेल.

अँटेना कुठल्या अवस्थेत सापडते ते इथेच लिहा.